पन्नास लाखांची गाडी नऊ लाखांत: मोल कसं ठरवायचं?

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आहेत: जुनी मर्सिडीज, जुनी बीएमडब्ल्यू, जुनी ऑडी. कारण उघड आहे. नवी साधी गाडी जेवढ्यात येते त्याहून कमी पैशात चांदणीवाली गाडी दारात उभी राहील, अशा जाहिराती आता प्रत्येकाच्या मोबाइलवर रोज येतात. मी गॅरेजवाला नाही आणि दलालही नाही. विमा कंपन्यांचा सर्व्हेअर म्हणून कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातल्या ठोकलेल्या, बुडालेल्या आणि जळालेल्या गाड्या उघडून बघण्यात माझी हयात गेली. त्यामुळे नजर जरा संशयी आहे, एवढं धरून उत्तरं वाचा.

इचलकरंजीचा वाचक. इथे माझे यंत्रमाग आहेत. पुण्यातल्या एका डीलरकडे २०१२ ची मर्सिडीज ई २५० सीडीआय बघितली. पांढरी, दुसरा मालक, मीटरवर ७८ हजार. नवी होती तेव्हा पन्नास लाखांच्या घरात होती, आता नऊ लाख सांगतोय. आमचा मिस्त्री म्हणतो इंजिन एक नंबर आहे. किती कमी करायला सांगू?

पन्नास लाख हा आकडा आधी डोक्यातून काढा. डीलर तो दर दोन वाक्यांनंतर उच्चारतो, कारण त्याशिवाय नऊ लाख स्वस्त वाटत नाहीत. मधले एक्केचाळीस लाख आधीचे दोन मालक वापरून बसले. तुमचा त्यांच्याशी संबंध नाही.

संबंध येतो तो एकाच ठिकाणी, सुट्या भागांच्या दरपत्रकात. गाडीची किंमत घसरत नऊवर आली. तिच्या हेडलाइटची, इंजेक्टरची, गिअरबॉक्सची किंमत घसरली नाही. ते भाग आजही पन्नास लाखांच्या गाडीचेच आहेत. स्वस्तात मिळाली म्हणून म्हैस वैरण कमी खात नाही. म्हणून जुन्या आलिशान गाडीचं मोल मूळ किमतीतून टक्केवारी वजा करून निघत नाही. चालू बाजारभावातून पुढच्या दोन वर्षांत नक्की येणारा खर्च वजा केला, की निघतं.

बाजारभाव काढायला जाहिराती बघू नका. जाहिरातीत मागितलेला भाव असतो, मिळालेला नसतो. एक साधी युक्ती सांगतो. पुण्यातल्या तीन वेगवेगळ्या डीलरना फोन करा आणि म्हणा, माझ्याकडे २०१२ ची ई २५० आहे, पांढरी, दुसरा मालक, एवढं रनिंग, काय द्याल? दुसऱ्या दिवशी घरातल्या कुणालातरी त्याच तिघांना गिऱ्हाईक म्हणून फोन करायला लावा. पहिला आकडा आणि दुसरा आकडा यांच्यामध्ये तुमची गाडी आहे. माझा अंदाज असा, की नीट ठेवलेली गाडी घासाघीस करून साडेआठला सुटत असेल आणि विकायला गेलात तर सव्वासहाच्या आसपास बोलतील.

आता खर्च. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते; ३११८ लिहिलं असेल तर तो टायर २०१८ च्या एकतिसाव्या आठवड्यातला. खोबणी कितीही खोल दिसो, तेवढा जुना टायर द्रुतगती मार्गावर चालवायचा नसतो. चार चांगले टायर ७० हजार धरा. पुढच्या लोअर आर्मचे बुश (चाकाच्या दांड्यांची रबरं) एव्हाना फाटलेले असणार, ४५ हजार. गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर ३० हजार. ते बदलल्याचं बिल दाखवता आलं नाही, तर बदललेलं नाही असंच समजायचं. ‘कंपनीचं ऑइल आयुष्यभर चालतं’ हे विकणाऱ्याचं आवडतं वाक्य आहे. बॅटरी २५ हजार, पुढच्या डिस्क आणि पॅड ४० हजार. बेरीज दोन लाख दहा हजार. साडेआठातून वजा केले, की सहा लाख चाळीस हजार उरतात. मी साडेसहाच्या वर एक रुपया बोलणार नाही. डीलर हसेल. हसू द्या, नंबर देऊन या. महिनाअखेरीस फोन येतो.

हे झालं काही बिघाड नसताना. मिस्त्रीचं ‘इंजिन एक नंबर’ मला पुरत नाही. या चार सिलिंडर डिझेल इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे झडपा वेळेवर उघडणारी साखळी, मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. तिचं काम निघालं तर मजुरीच घाम फोडते. म्हणून गाडी बघायला सकाळी जा आणि आदल्या रात्रीपासून सुरू करू नका म्हणून सांगा. तुम्ही पोहोचलात आणि बॉनेट गरम लागलं, तर चहा पिऊन परत या. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत चेन खुळखुळते का, तेवढं ऐकायचं. याच इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत इंजेक्टरची तक्रार बरीच झाली होती. बदलल्याचं बिल फाइलमध्ये असेल तर ती गाडीची जमेची बाजू आहे, डाग नव्हे.

स्कॅनर लावून घ्याच, पण दोनदा. पहिल्यांदा स्कॅन केलं की सगळं स्वच्छ दिसतं, कारण दोषांचे कोड सकाळीच पुसलेले असू शकतात. मग तीसेक किलोमीटर फिरवा, एसी लावून, एखादा चढ घेऊन, आणि परत स्कॅन करा. खरे दोष तेव्हा बाहेर येतात.

७८ हजार रनिंगबद्दल: चासी नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिसची नोंद तपासता येते. मालकाने विचारलं तर पटकन मिळते, म्हणून आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) मालकाशी बोलायचा आग्रह धरा. चालकाच्या सीटची बाहेरची कड दबलेली, स्टिअरिंग गुळगुळीत, ब्रेकच्या पॅडलचं रबर झिजलेलं आणि मीटरवर ७८ हजार, तर मीटर मागे गेलं आहे. आणि रनिंग खरंच कमी असलं तरी त्याचे जास्त पैसे देऊ नका. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं.

शेवटचं, आणि तुमच्यासारख्या धंदेवाल्या माणसाला हेच आधी सांगायला हवं होतं. ही आरसी २०२७ मध्ये पंधरा वर्षं पुरी करते. पुढे फिटनेस, पाच हजार नूतनीकरण शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षं मिळतात. रक्कम मोठी नाही. पण तुम्ही तीन वर्षांनी विकायला काढाल तेव्हा समोरचा माणूस पंधरा वर्षांवरची डिझेल मर्सिडीज बघत असेल. तीन लाख आले तर नशीब. म्हणजे साडेसहा अधिक दोन लाख दहा वजा तीन, भागिले तीन: वर्षाला एक लाख ऐंशी हजारांच्या वर, डिझेल, विमा आणि नेहमीची सर्व्हिस सोडून. शिवाय दीड लाख बँकेत वेगळे ठेवा, एखाद्या अचानक बिघाडासाठी. हा हिशेब पेलत असेल तर गाडी सुरेख आहे. रस्त्यावर बसलेली पकड आणि दार बंद होतानाचा आवाज, याला या पैशात तोड नाही. पेलत नसेल तर नऊची सहा झाली तरी ती महागच आहे.

आणखी एक वाचक. पनवेलला एक ऑडी बघितली. मालक पॉलिसी दाखवून म्हणतो, विमा कंपनीनेच बारा लाख किंमत धरली आहे, मग मी दहाला देतोय म्हणजे तोट्यातच देतोय. हे बरोबर का?

नाही. पॉलिसीवरची ती रक्कम म्हणजे आयडीव्ही, गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी कमाल भरपाई. पहिल्या पाच वर्षांसाठी तिचा तक्ता ठरलेला आहे: दुसऱ्या वर्षात २० टक्के घसारा, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. त्यानंतर मालक आणि कंपनी आपसांत ठरवतात. थोडा जास्त हप्ता भरून आकडा वाढवून घेता येतो, आणि विकायच्या आधी काही जण तेच करतात.

त्याच कागदावर दुसरा आकडा बघा, नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीच्या टक्क्यांचा. तो २०, २५, ३५, ४५, ५० असा दरवर्षी चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. गाडी सहा वर्षं एकाच मालकाकडे आहे आणि बोनस शून्य किंवा वीस, तर अलीकडे काहीतरी झालं आहे. काय झालं ते विचारा. उत्तर ‘किरकोळ बंपर’ असं आलं, तर रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र घेऊन जा. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे आता सर्रास असतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या दारावर ४००-५०० दाखवलं, तर खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. एका दाराची लांबी मी माफ करतो. छताच्या खांबावर सापडली, तर गाडी सोडून द्यायची, भाव विचारायचाच नाही.

नाशिकचा वाचक. दिल्लीतली २०१६ ची बीएमडब्ल्यू ३२० डी अकरा लाखांना मिळते आहे. तशीच गाडी आपल्याकडे पंधराला आहे. चार लाख वाचतात. आणावी का?

चार लाख वाचत नाहीत. किती वाचतात ते बघू.

दिल्लीत ती स्वस्त का आहे? राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. पुढे आदेशांत फेरफार होत राहिले, पण बाजाराने धसका घेतला तो घेतलाच. २०१६ ची डिझेल गाडी म्हणजे दहाव्या वर्षाच्या उंबऱ्यावर. तिथल्या मालकाला घाई आहे.

तुम्हाला तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागेल, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याची नोंद लागेल आणि इथे आणून महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागेल. हा कर तुम्ही मोजलेल्या अकरा लाखांवर नसतो. मूळ किमतीवरून काढतात आणि गाडीच्या वयाप्रमाणे त्यात सूट मिळते. वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला आपल्याकडे दर १५ टक्के, तेव्हा सूट धरूनही आकडा लाखांत जातो. टोकन द्यायच्या आधी नाशिकच्या आरटीओत मूळ बिलाची प्रत दाखवून तो काढून घ्या. समजा दोन लाख निघाला. वाहतूक आणि एजंट मिळून पन्नास हजार. आणि तुम्ही विकाल तेव्हा ‘मूळची दिल्लीची’ म्हणून गिऱ्हाईक लाखभर तोडणार. उरले पन्नास हजार. त्यासाठी तुम्ही हजार-बाराशे किलोमीटरवरची, फक्त व्हिडिओत बघितलेली गाडी घेणार. मी नसती घेतली.

एक गोष्ट मात्र या गाडीच्या बाजूची आहे. २०१६ च्या फेसलिफ्टपासून (तेच मॉडेल नव्या चेहऱ्याने आलं तेव्हापासून) ३२० डी ला बी-४७ हे इंजिन आलं. त्याआधीचं एन-४७ चेनसाठी बदनाम होतं. तीही मागच्या बाजूला, बदलायची तर इंजिन उतरवावं लागे. म्हणून इथे नाशिकमध्येच शोधा, पण २०१४ ची आणि २०१६ ची गाडी दीड लाखाच्या फरकाने मिळत असेल तर डोळे झाकून २०१६ ची बघा. तो फरक वर्षांचा नाही, इंजिनाचा आहे.

काका, आमच्या आजोबांची १९९६ ची मर्सिडीज ई २२० फलटणला शेडमध्ये उभी आहे. सात-आठ वर्षं चालू केलेली नाही. एक जण म्हणाला व्हिंटेज आहे, पंधरा लाख सहज येतील. दुसरा दीड लाख म्हणतो. खरं कोण?

बाळा, व्हिंटेज नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मुळात फारसा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची त्या रांगेत यायला २०४६ उजाडेल. पंधरा लाख म्हणणाऱ्याला विचार, तू देतोस का. आणि दीड लाखवाला रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून घाईत असेल, तर त्यालाही थांबव.

ही गाडी काय आहे ते आधी समजून घे. मर्सिडीजने १९९४ मध्ये तेव्हाच्या टेल्कोबरोबर (पुढची टाटा मोटर्स) भारतात कंपनी काढली आणि पिंपरीच्या कारखान्यात जी पहिली गाडी जुळवायला घेतली ती हीच, डब्ल्यू-१२४. काचेवर मधोमध एकच वायपर, तो फिरताना कोपऱ्यापर्यंत पोहोचायला लांब होतो. तरुणपणी ते बघत उभं राहणारी आमची पिढी आता साठीत आहे, आणि खिशात पैसे असलेले काही जण ही गाडी शोधत असतात. म्हणजे गिऱ्हाईक आहे. पण थोडं आहे, आणि जे आहे त्याला सगळं माहीत आहे. अशा गाडीला सरासरी भाव नसतो. त्या महिन्यात कोण शोधतंय आणि तुझी गाडी कुठल्या अवस्थेत आहे, यावर ठरतं.

किमतीत सगळ्यात मोठी उडी कागदांनी पडते. आरसीची पंधरा वर्षं २०११ मध्ये संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण झालं का? झालं नसेल तर आज ती गाडी नाही, सुट्या भागांचा ढीग आहे, आणि दीड लाख हा त्याच ढिगाचा भाव आहे. जुन्या हाती लिहिलेल्या आरसी पुस्तकातली नोंद सरकारच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढली आहे का, हे फलटणच्या आरटीओ कार्यालयात जाऊन बघ. कित्येक जुन्या गाड्या तिथे दिसतच नाहीत आणि मग आधी ती नोंद करून घ्यावी लागते. वीस वर्षांवरच्या चारचाकीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झालं आहे, वर पर्यावरण कर आणि थकलेल्या काळाचा दंड. आजोबा हयात नसतील तर वारसाच्या नावावर गाडी करणं हे त्याहून आधीचं काम. एवढं झालं की गाडीची किंमत दुप्पट होते. मी हे उगाच म्हणत नाही. याच कारणासाठी अशा गाड्या मातीमोल घेऊन, कागद करून विकणारी माणसं आहेत.

मग गाडीकडे बघ. चावी फिरवू नकोस! आठ वर्षांचं पेट्रोल टाकीत चिकट झालं असेल. ते काढून, टाकी धुऊन, पाइप बदलून, जाणत्या मिस्त्रीच्या हातून सुरू कर. त्या वर्षांतल्या या गाड्यांच्या इंजिनातल्या वायरिंगचं आवरण ठिसूळ होऊन गळून पडतं. हात लावला आणि वायर उघडी पडली तर घाबरू नको, पण संपूर्ण हार्नेसचा, म्हणजे वायरांच्या जुडग्याचा, खर्च धर. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नव्हती, तेव्हा नवे रबरी पाइप बसवताना इथेनॉल सोसणारेच घे. खाली जॅक लावायच्या जागा आणि दारांचे तळ गंजलेत का बघ. आतलं कापड, लाकूड, टूलकिट, मूळ पुस्तिका जे असेल ते जप. या गाडीचं गिऱ्हाईक टूलकिटसाठी वेगळे पैसे देतं.

एक करू नकोस: विकायच्या आधी रंग. जाणकार माणूस तीस वर्षांचा फिका मूळ रंग बघून खुश होतो आणि ताजा चकचकीत रंग बघून विचारतो, खाली काय लपवलंय?

कागद साफ आणि गाडी चालती अशी असेल तर पाच लाखांच्या खाली बोलू नको. मात्र ती चालती करायला चार लाख खर्च होणार असतील, तर वारसाचे आणि नोंदीचे कागद करून आहे तशी विक.

जीएसटी कमी होऊन नव्या आलिशान गाड्या स्वस्त झाल्या. मी बघत असलेल्या तीन वर्षं जुन्या एसयूव्हीचा भाव किती उतरायला हवा?

२२ सप्टेंबर २०२५ च्या आधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के कर आणि वर २२ टक्के उपकर, म्हणजे ५० टक्के होते. आता सरळ ४०. करापूर्वीच्या शंभर रुपयांच्या गाडीला पूर्वी दीडशे पडत, आता एकशेचाळीस. म्हणजे शोरूममधला भाव सुमारे पावणेसात टक्के उतरला. तीन वर्षांच्या गाडीत तेवढी सूट हक्काने मागा. मालक तुम्हाला जुन्या बिलाचा हिशेब दाखवेल, तुम्ही नव्या दरपत्रकाचा दाखवा. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीत हा मुद्दा काढू नका, तिथे नव्या गाडीचा भाव कुणी बघत नाही.

दादा, सांगलीहून लिहिते आहे. मिस्टर गेल्या वर्षी गेले. त्यांची २०१४ ची ऑडी ए-६ डिझेल आहे, एमएच-१० पासिंग. एकच मालक, ९२ हजार रनिंग. डीलर घरी येऊन साडेचार लाख सांगून गेला, कोऱ्या फॉर्मवर सही द्या म्हणाला. मुलगा म्हणतो आठ तरी यायला हवेत. मला यातलं काही कळत नाही.

ताई, कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. उद्या तो आला तर घरात पुरुष माणूस नाही म्हणून सांगू नका. सर्व्हेअर दादांनी नाही म्हटलंय म्हणून सांगा.

पहिलं काम, गाडी तुमच्या नावावर करणं. त्याला फॉर्म ३१ लागतो, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. खरं तर तीन महिन्यांत करायचं असतं, उशीर झाल्याचा दंड भरून होतं. कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. गेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी फक्त डीलरच घेतो, आणि त्या अडचणीचे पैसे तो तुमच्याकडून कापतो. साडेचारमध्ये लाखभर तरी या अडचणीचे आहेत.

दुसरी गोष्ट तुम्हाला कुणी तोंडावर बोलणार नाही. सांगली पासिंग म्हटलं की पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक मनात २०१९ चा आणि २०२१ चा पूर धरूनच येतं. मी त्या दोन्ही पुरांनंतर बुडालेल्या गाड्या बघितल्या आहेत, त्यामुळे त्याचा संशय मला चुकीचा वाटत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी गाडी पूर्ण निकामी धरते. ते सांगाडे लिलावात जातात, धुऊन-पुसून त्यातले काही परत बाजारात येतात. आलिशान गाडीत हे जास्त घातक, कारण तिचे कितीतरी कंट्रोल युनिट आणि वायरांचे जोड गालिच्याखाली, सीटखाली असतात. गाडी चालते, आणि दीड वर्षाने एकेक दिवा पेटायला लागतो.

तुमची गाडी पुरात नव्हती, असं मी धरतो. मग ते सिद्ध करण्यातच पैसे आहेत. २०१९ ते २०२२ च्या विमा पॉलिसी शोधा. नो क्लेम बोनस त्या वर्षांत तुटलेला नसेल, तर त्या प्रती गाडीच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. गिऱ्हाईक आलं की त्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. बुडालेल्या गाडीत तिथे गाळाची रेघ राहते. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघावा, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघावं. तो विचारायच्या आधी मुलाला दाखवायला सांगा. संशय घेऊन आलेला माणूस असा मोकळा झाला, की घासाघीस कमी करतो.

बाकी किमतीचं. या गाडीत गिऱ्हाईक गिअरबॉक्सला घाबरतं. त्याचं ऑइल बदलल्याची बिलं मिस्टरांच्या फाइलमध्ये असतील तर वेगळी काढून ठेवा. दुसरी चावी शोधा, घरातच कुठेतरी असते. नवी करायला बराच खर्च येतो आणि एकच चावी बघितली की माणूस वीस-पंचवीस हजार तोडतो. डेंट काढू नका, टायर नवे घालू नका, ते पैसे परत येत नाहीत. धुऊन, आतून साफ करून, दिवसाउजेडी फोटो काढा. सहा लाख नव्वद सांगा, सहाच्या आसपास सोडा. मुलाच्या आठची जाहिरात करून बघायला हरकत नाही, पण पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. दोन महिने तीच जाहिरात दिसली, की गाडीत काहीतरी दोष आहे असं लोक समजतात.

विकल्यावर घेणाऱ्याच्या नावावर आरसी झाल्याचं स्वतः बघेपर्यंत तुमच्याकडे पन्नास हजार अनामत ठेवायला तो तयार होणार नाही. तेव्हा असं करा: पूर्ण पैसे खात्यात, मग मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, तारीख-वेळ घातलेली ताबापावती, त्याच्या आधारची प्रत, आणि आरटीओचा अर्ज त्याच दिवशी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो मालक. विकल्यानंतर अपघात झाला तरी भरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर येतो. तुम्हाला तो ताप नको.

माझ्या २०१५ च्या मर्सिडीजचा नंबर ४१४१ आहे, ‘दादा’ वाचला जातो. नंबरचे दोन लाख वेगळे मागतोय, कुणी देत नाही.

देणारही नाही. सातारा-कोल्हापूर भागात एखादा हौशी भेटला तर वीस हजार जास्त मिळतील. पण डॉक्टर किंवा प्राध्यापक गिऱ्हाईक तो नंबर बघून गाडी कशी वापरली गेली असेल याचा विचार करतं आणि फोन ठेवतं. जाहिरातीच्या फोटोत नंबरप्लेट झाका आणि गाडीचे पैसे मागा.